हरणीची पेंड

तुळशीची लग्नं लागली, गॅलऱ्यांमधले आकाशकंदील उतरले, आणि शिवाजी पेठेतल्या घराघरांत एकदम डॉक्टर शिरला.

तानाबाईला तरी तसंच वाटलं. रोजच्यासारखी ती दुधाची किटली घेऊन रतीब घालायला निघाली, तर पहिल्याच दारात मास्तरीणबाई म्हणाल्या, "तानाबाई, उद्यापासनं एकच लिटर हं. डॉक्टरांनी ह्यांना साय बंद केलीय." शेजारच्या घरात सगळ्यांनाच अचानक म्हशीचं दूध जड व्हायला लागलं होतं. त्याच्या पुढच्या घरातल्या पोरीच्या तोंडावर पुटकुळ्या आल्या होत्या, आणि त्या दुधानंच आल्या होत्या. बोळाच्या टोकाला पानपट्टीवाल्याची बायको तेवढी जरा वेगळं बोलली.

"आमी आता बिनदुधाचा च्या चालू केलाय, मावशी. लई भारी लागतोय. तुमीबी पिऊन बघा."

"मी पिऊन बघते की," तानाबाई म्हणाली. "पर म्हशीला कोण सांगायचं?"

दोघीही हसल्या. पण घरी परतताना जी किटली रोज रिकामी खुळखुळत यायची, ती आज हाताला ओढ देत होती.

दिवाळीत खर्च फार झाला, असं एकाही दारात कुणी म्हटलं नाही. तिला ते दिसत होतं. एका दाराशी नवी स्कूटर उभी होती, तिच्या आरशाला अजून झेंडूची वाळकी माळ होती. दुसऱ्या घरातल्या भिंतीवर टीव्ही एवढा मोठा झाला होता की देवघर बाजूला सरकवावं लागलं होतं. ह्यातलं आता काहीच परत करता येणार नव्हतं. शाळेची फी कमी होत नाही, हप्ता कमी होत नाही. दूध तेवढं रोज नव्यानं दारात येतं आणि रोज नव्यानं कमी करता येतं. तानाबाईला कुणाचा राग आला नाही. तिच्या स्वतःच्या घरातही दुसरं काय चाललं होतं?

तानाबाई मूळची आजऱ्याकडची. लग्न होऊन ह्या बोळात आली तेव्हा दावणीला चार म्हशी होत्या आणि नवरा, केरबा, पहाटे अंघोळ करून, कपाळाला अष्टगंध लावून मगच धारेला बसायचा. केरबा गेला. छपराची निम्मी जागा भाऊबंदांच्या वाटणीत गेली, तिथं आता मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. उरलेल्या जागेत एक हरणी आणि तिचं रेडकू. हरणी ह्याच छपरात जन्मली. लहानपणी उड्या फार मारायची म्हणून केरबानंच तिला ते नाव दिलं होतं. आता ती काळीभोर, थोराड म्हैस झाली होती, शिंगं खांद्यावरून पार मागं गेलेली. धारेला तिला तानाबाईच लागायची. दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की ती अंग आखडून उभी राहायची आणि एक थेंब सोडायची नाही. तानाबाईचे गुडघे जिना चढताना कुरकुरायचे, देवळात खाली बसताना कुरकुरायचे. हरणीच्या कासेखाली उकिडवं बसलं की मात्र गप्प व्हायचे.

भाद्रपदात हरणी व्याली आणि दिवाळीपर्यंत दुधाला अशी चढली की चरवी पुरेना. त्यातच पाडवा आला. पाडव्याला म्हशी सजवून मिरवायच्या, पळवायच्या, ही कोल्हापूरची रीत. तानाबाईचा मुलगा विजयसिंह उद्यमनगरात लेथ मशीनवर कामाला होता. वर्षभर तो छपरात डोकावायचा नाही, पण दिवाळी तोंडावर आली की तो नुसता म्हशीचाच होऊन जायचा. त्यानं हरणीचं अंग भादरून घेतलं, तेल लावून आरशासारखं केलं, शिंगं रंगवली, त्यांना मोरपिसं बांधली, गळ्यात कवड्यांची माळ घातली. हलगीवाले आणले. दोस्तांना एका रंगाचे टी-शर्ट केले. बोळाच्या तोंडाशी मोठा डिजिटल बोर्ड लागला, वर हरणी आणि खाली गॉगल लावलेला विजयसिंह. पाडव्याला तो पुढं मोटारसायकलवर, आणि त्या गाडीच्या आवाजामागं शेपूट उचलून पळणारी हरणी. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ढाल मिळाली, फेटा मिळाला.

तानाबाई तेव्हा पायरीवर उभी होती. पोरगा फार उधळतोय हे तिला कळत होतं. पण गर्दीतून कुणीतरी "कुणाची म्हस ही?" म्हणून विचारलं आणि दुसऱ्यानं केरबाचं नाव घेतलं. मग तिच्यानं काही बोलवलं नाही.

दिवाळी संपली. विजयसिंहाच्या कारखान्यात ऑर्डरी थंडावल्या आणि ओव्हरटाइम बंद झाला. इकडं रतीब निम्म्यावर आला. हरणीला ह्यातलं काही माहीत नव्हतं. ती दोन्ही वेळेला तेवढंच दूध देत होती.

तानाबाई मिठाईच्या दुकानात गेली. "दिवाळी झाली की हो, काकी," दुकानदार म्हणाला. "लोकास्नी पेढ्याचं नाव काढलं तरी नको झालंय. माझाच माल पडून हाय." गाव असतं तर दूध संस्थेत घातलं असतं, पेठेत संस्था कुठली? गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकासमोर धार काढून विकावं, तर तिथं उभं राहणाऱ्यांच्या जागा बापजाद्यांपासून ठरलेल्या. मग सून, स्वप्नाली, दूध आटवायला लागली. घरात बासुंदी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बासुंदी झाली. डाळीचा डबा तळाला गेला होता, तेलाची बाटली उलटी करून ठेवली होती, आणि ताटात रोज बासुंदी होती.

"सावकार झालोय आपण," विजयसिंह म्हणाला. त्याला हसू आलं नाही, कुणालाच आलं नाही.

त्या रविवारी घरात मटण आलं नाही. कोल्हापुरात ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही, शेजाऱ्यांना ती वासावरून कळते. झुणका आणि बासुंदी जेवून तिघं तिथंच बसून राहिली. बोलायला सुरुवात स्वप्नालीनं केली. ती इचलकरंजीची. तिचे वडील यंत्रमागावर होते. मंदी आली, माग थांबले, की आई पहिल्यांदा चहातली साखर काढायची, मग चहाच काढायची, हे बघत ती मोठी झाली होती. तिला ह्या गोष्टींची लाज वाटत नसे.

"मी सरळच बोलते, आत्ती. मी माझं मोबाईलचं बारकं रिचार्ज मारते, नेट बंद. पार्लर तर कधीचंच बंद केलंय. ह्यांनी तंबाखूचा मावा सोडायचा."

"सोडला," विजयसिंह म्हणाला.

"कवा?"

"आत्ताच की. तू म्हणालीस तवा."

"आणि गाडी घरात. कामाला चालत जायचं."

त्यानं खिशातली गाडीची किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली, म्हणजे कबूल होतं. तानाबाई म्हणाली, "मला सांजचं जेवण न्हाई बनवलं तरी चालतंय. नाहीतरी पचत न्हाय आताशा."

"तुमचं काय कापायचं, आत्ती? तुमी खाताय तरी काय?" स्वप्नाली म्हणाली, आणि मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. दोघांचं आधी बोलणं झालेलं होतं हे तानाबाईला तेव्हा कळलं.

विजयसिंह म्हणाला, "आई, दूध किती खपतंय?"

"निम्मं."

"आणि पेंड?"

"पेंड लागती तेवढी लागती."

"तेच म्हंतोय मी. सरकी पेंडीचा भाव कुठं गेलाय म्हाईत हाय न्हवं तुला? निम्मं दूध खपतंय, तर निम्मी पेंड घाल. हिशोब सरळ हाय."

"इजू, म्हस हाय ती. नळ न्हवं, चावी फिरवली की बारीक धार."

"आगं, उपाशी ठेव म्हंतोय का मी? साखर कारखानं चालू झालं. वाडं नुसतं रस्त्याला पडलंय."

वाडं म्हणजे ऊस तोडल्यावर राहणारे हिरवे शेंडे. हंगामात ते गाडीभर मिळतं, आणि मातीमोल मिळतं.

"वाड्यानं पोट भरतंय," तानाबाई म्हणाली. "कास भरत न्हाय."

"मग निम्मीच भरू द्या की, आत्ती," स्वप्नाली म्हणाली. तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. "आपल्याला निम्मंच पायजे."

पोरं बोलत होती त्यात चूक कुठं आहे हे तानाबाईला बोटांनी कळत होतं, तोंडानं सांगता येत नव्हतं. ऐन भरातली म्हैस एकदा दुधाला उतरली की त्या वेताला, म्हणजे पुढचं रेडकू होईपर्यंत, पुन्हा वर चढत नाही, हे तिनं सासूकडून ऐकलं होतं, केरबाकडून ऐकलं होतं, एकदा डोळ्यांनी बघितलंही होतं. पण ते सांगायला गेली तर एवढंच बाहेर पडलं, "उतरली की चढत न्हाय रं ती."

"तवाचं तवा बघू. रतीब वाढला की पेंड वाढवू. काय अवघड हाय त्यात?"

पैसे विजयसिंहाच्या खिशात होते आणि पेंड आणायचं काम त्याचं होतं. दुसऱ्या दिवशी तो निम्मंच पोतं घेऊन आला. वादच मिटला.

हरणीला फसवायचं तानाबाईनं मनापासून केलं. गव्हाचा भुसा कोमट पाण्यात कालवून त्यात मिठाचा खडा घातला, भाताची पेज ओतली, आणि वर पेंडीचा पातळ थर पसरला, म्हणजे वास तरी यावा. रतीबाच्या घरांतून ती शिळ्या भाकरी, डाळीची टरफलं, भाजीची देठं मागून आणायला लागली. हरणी घमेल्यात तोंड घालायची, वरची पेंड चाटून घ्यायची, मग नाकानं ढकलत ढकलत घमेलं भिंतीपर्यंत न्यायची आणि मान वर करून बघायची. समोर वाड्याचा हिरवागार ढीग असायचा. तो ती खायची. पोट टम्म दिसायचं.

"बघ बघ," विजयसिंह म्हणायचा. "ह्या म्हशीचं काय कमी पडलंय?"

आणि पहिले काही दिवस खरंच काही कमी पडलं नाही. हरणी आपल्या अंगातलं काढून देत होती. मग दूध हळूहळू उतरायला लागलं, आणि उतरत उतरत बरोबर रतीबाएवढं झालं. किटली रिकामी होऊन घरी यायला लागली. बासुंदी बंद झाली. स्वप्नालीनं मोठं पातेलं घासून माळ्यावर टाकलं. विजयसिंहानं एक दिवस शेव आणली आणि तिघांनी ती चुरमुऱ्यात घालून खाल्ली. हिशोब बसला होता. घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही की दार आपटलं नाही, असे ते दिवस गेले. तानाबाईलाही क्षणभर वाटलं, आपलंच चुकलं असेल. नवीन पोरं आहेत, त्यांना कळत असेल.

पण दूध तिथं थांबलं नाही.

सगळ्यात आधी धारेचा आवाज बदलला. पूर्वी चरवीत दोन धारा पडल्या की फेस वर यायचा आणि आवाज त्या फेसात बुडायचा. आता तो धातूवर पडल्यासारखा शेवटपर्यंत टणटणत राहायचा. मग हरणीच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला. केसांवरची चमक गेली. रेडकू ढुशा मारमारून थकायचं. कडाक्याची थंडी पडली होती, म्हशी ज्या दिवसांत जास्त दूध देतात ते दिवस होते. आणि तानाबाई एका सडावरून दुसऱ्या सडावर, दुसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावर हात फिरवत बसलेली असायची, पुन्हा पुन्हा.

"इजू, हरणी उतरायला लागली."

"थंडीनं असंल."

"थंडीत म्हस चढती, बाबा."

"मग बघू की. आजच पगार झालाय, किराण्याचं, लाईटचं गेलं. पुढच्या आठवड्यात बघू."

पुढच्या आठवड्यात गॅस संपला. त्याच्या पुढच्या आठवड्यात स्वप्नालीच्या माहेरी लग्न निघालं. विजयसिंह खोटं बोलत नव्हता. तो चालत कामाला जात होता, त्याच्या चपलेला टाचेशी भोक पडलं होतं, आणि मावा खरंच सुटला होता. अशा माणसाला दुसऱ्यांदा काय सांगायचं, आणि कुठल्या तोंडानं?

नवीन वर्ष लागलं तसे पेठेतल्या घरांचे हात पुन्हा थोडे सैल झाले. मास्तरीणबाई म्हणाल्या, "पोराची दहावी हो, तानाबाई. एक लिटर वाढवा. दूध पाहिजेच ना डोक्याला." डॉक्टर जसा आला होता तसा निघून गेला. आणि एका सकाळी निर्मलाक्कांनी तिला वरच्या मजल्यावरून हाक मारली.

निर्मलाक्कांच्या नवऱ्याचं, बसलिंगाप्पांचं, भांड्यांचं दुकान होतं. माणसं मूळची सीमेवरची, घरात निम्मं कानडी चालायचं. केरबाच्या काळापासूनचा हा रतीब. दिवाळीनंतर दूध कमी न केलेलं हे एकच घर.

"तानव्वा, वर ये गं. बस. सौंदर्या येणार म्हणते बाळंतपणाला," आक्का म्हणाल्या. सौंदर्या त्यांची धाकटी लेक. तानाबाईनं तिला ह्याच जिन्यावर दुधाच्या ग्लासासकट पडताना बघितलं होतं. "सातवा लागला. अंगात काही नाही पोरीच्या, नुसतं काडी. तिकडं पुण्यात पिशवीचं पितात. मी म्हटलं, इथं ये, आमच्या तानव्वाच्या हरणीचं दूध पी. दोन लिटर जास्त घाल बरं का, रविवारपासून."

"घालते की, आक्का," तानाबाई म्हणाली.

दुधाला नाही म्हणायचं तिला कधी शिकवलंच नव्हतं कुणी. जिना अर्धा उतरून ती तिथंच कठड्याला धरून उभी राहिली. वरून आक्कांचा आवाज येत होता, त्या फोनवर लेकीला कानडीत काहीतरी सांगत होत्या, आणि त्यात मधेच 'हरणी' ऐकू आलं.

संध्याकाळी तिनं घरी सांगितलं. विजयसिंहानं शर्ट अडकवला आणि पेंडीच्या दुकानात गेला. तो परत आला तो दुकानदार बाळासोंच्या टेम्पोतून, भरलेली पोती घेऊन. बाळासो स्वतःच आले होते. उधारीवर माल द्यायचा तर म्हैस बघून द्यावी, असं त्यांचं साधं काम. ते छपरात शिरले, हरणीच्या बरगड्यांवरून हात फिरवला, खाली वाकून कास चाचपली.

"काय घालत होता हिला, काकी?"

"वाडं."

बाळासोंनी हात धुतले. "पेंड घाला. म्हस सुधरंल. दूध न्हाय सुधरायचं आता. ते पुढच्या येताला."

"पुढचं येत म्हंजे कवा?" विजयसिंहानं विचारलं.

"आधी गाभण तर ऱ्हाऊ द्या, पावणं. एवढ्या खंगलेल्या म्हशीचं आत्ता काय सांगावं?"

तरी तानाबाईनं पेंड घातली. सकाळी घातली, संध्याकाळी घातली. हरणी अधाशासारखी खायची आणि खाताना डोळे मिटायची. रविवार आला. तानाबाईनं सगळ्या घरांचं थोडं थोडं कमी करून निर्मलाक्कांचं माप भरलं. सोमवारी भरलं. बुधवारी मास्तरीणबाईंनी पातेल्यात डोकावून विचारलं, "हे एवढंच?" गुरुवारी भरायला काही उरलं नाही.

आता पेंड पुरी जात होती आणि दूध पावशेरावर आलं होतं. पूर्वी म्हैस घराला पोसत होती. आता उलटं झालं होतं. विजयसिंह एक संध्याकाळ छपराच्या दारात येऊन उभा राहिला. हरणी रवंथ करत होती. तिच्याकडं बघता बघता तो एकदम आईवर उखडला.

"मग तू ठामपणानं का सांगितलं न्हाईस मला?"

"सांगितलं की."

"असं सांगत्यात व्हय? ओरडायचं, आडवं पडायचं दारात! तुला कळत हुतं न्हवं? मला काय कळतंय म्हशीतलं? मला कोण शिकवलंय?"

त्याचं खरं होतं. तानाबाईला कळत होतं, आणि ती आडवी पडली नव्हती. पण ह्या घरात ती कधी कशाला आडवी पडली होती, हे आठवायला गेली तर तिला एकही प्रसंग आठवेना. तिनं शेणाची पाटी उचलली आणि बाहेर गेली.

शेवटी आजऱ्याला, तिच्या भावाकडं, फोन झाला. हरणी अर्धलीनं द्यायची ठरली. म्हणजे म्हैस भावानं न्यायची, सांभाळायची, गाभण घालवायची. व्याली की तिची किंमत करायची आणि निम्मी निम्मी वाटून घ्यायची. परत पाहिजे असेल तर निम्मे पैसे मोजून आणायची. ते पैसे कुठून येणार हे कुणी बोललं नाही. सगळे एवढंच बोलले की तिकडं गवत आहे, नदी आहे, मोकळं रान आहे, हरणीला बरं वाटेल. तानाबाई त्याच रानात वाढली होती. हरणीला तिथं बरं वाटणार हे तिला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला नाही म्हणता येईना.

टेम्पो सकाळी आला. बोळातली चार माणसं मदतीला जमली, कारण म्हैस टेम्पोत चढताना अडते, पाय रोवते, ओरडते. दोरखंड आणला होता, फळी लावली होती. तानाबाई लांब, नळाजवळ उभी होती. हरणी अडली तर मला हाक मारतील, असं तिला वाटत होतं. पण भावानं टेम्पोत हिरवा मका भरून पाठवला होता. हरणीनं एकदा वास घेतला आणि फळीवरून सरळ वर चढून गेली. मागून रेडकू गेलं. कुणाला हातही लावावा लागला नाही.

"शाणी म्हस हाय," कुणीतरी म्हणालं.

टेम्पो बोळातून बाहेर पडेपर्यंत हरणीचं तोंड मक्यातच होतं.

दुपारी तानाबाई निर्मलाक्कांचा जिना चढली. सौंदर्या आतल्या खोलीत पाय वर घेऊन झोपली होती. आक्कांनी ऐकून घेतलं, हळहळल्या, तिला पाणी दिलं. "असू दे गं तानव्वा. तू काय करशील? दुसऱ्या कुणाची म्हस हाय का बघून सांग मला. नाहीतर पिशवीच लावते." तानाबाई सांगते म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या म्हशीचं नाव घेताना मात्र तिची जीभ वळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नेहमीच्या वेळेलाच जाग आली. तिनं छप्पर झाडलं, दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं, चरवी घासून पालथी घातली. उजाडल्यावर स्वप्नालीनं चहाचं आधण ठेवलं आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आत्ती."

"काय गं?"

"दूध न्हाय." मग ती घाईनं म्हणाली, "मीच आणते. तुमी बसा."

"आणते मी," तानाबाई म्हणाली. बसून तरी काय करणार होती ती?

शालूबाईचं दुकान कोपऱ्यावरच होतं. सकाळची गर्दी होती. पाव, अंडी, दूध, सगळ्यांनाच घाई. शालूबाईनं तिला बघितलं आणि नेहमीसारखा काडेपेटीकडं हात नेला.

"दूध दे," तानाबाई म्हणाली.

"दूध? कुणासाठी?" शालूबाई हसली. मग तिनं तानाबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि हसणं आवरलं. "कुठलं देऊ? निळी पिशवी का हिरवी?"

तानाबाईला कळेना. आयुष्यात तिनं दूध विकत घेतलं नव्हतं. "म्हशीचं," ती म्हणाली.

शालूबाईनं फ्रिज उघडून पिशवी समोर ठेवली. तानाबाईनं ती उचलली, लगेच खाली ठेवली आणि हात पदराला पुसला.

"एवढं गार?"

"फ्रिजमधलं हाय न्हवं, तानाबाई. गारच असणार."

"व्हय," तानाबाई म्हणाली. "व्हय की."

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, जरा सरका, शाळंला उशीर व्हतोय." ती बाजूला सरकली. पिशवी पुन्हा उचलून तिनं पदराखाली धरली, आणि लोकांना वाट देत ती तिथंच, गोळ्यांच्या बरण्यांपाशी, उभी राहिली.